चौकटीवरचा तीन

६ जानेवारी, सोमवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.

खिडकीत बसून चार पेन्सिलींना टोक करतो आहे. आठ वाजता मोजणी सुरू करायची. ही वही साहेबांनी दिली. म्हणाले, कामाचे अर्ज वेगळे, पण काय पाहिलंस ते रोज लिहीत जा. रोज जमेलच असे नाही. जमेल तसे लिहीन, पण खोटे लिहिणार नाही.

कामाचे नाव ऊर्जा-दारिद्र्य मापन. ‘दारिद्र्य’ शब्दकोशात पाहून घेतला. नववीत शाळा सुटली तरी शुद्धलेखनात मला पैकीच्या पैकी असत, ते घालवायचे नाही. साहेबांनी समजावले ते असे: मिळकतीचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त दिव्यावर, चुलीवर आणि उबेवर जात असेल तर ते घर ऊर्जागरीब. घरे चौसष्ट. अर्जात रकाने नऊ. अर्जामागे पंधरा. शिवाय एक थर्मामीटर दिला आहे, तो प्रत्येक घरात पाच मिनिटे टांगायचा.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: नाव लिहायचे नाही. नाव नसेल तर लोक खरे बोलतात.

साहेब गल्ल्यांची माहिती असलेला मुलगा शोधत दादाकडे आले होते. दादा वायरमन, त्याला सगळे ओळखतात. दादा म्हणाला, “हा घ्या. अक्षर चांगलं आहे. बाकी काही येत नाही.”

थर्मामीटर कापसात गुंडाळून खिशात ठेवला. तो आहे की नाही हे आतापर्यंत पाच वेळा पाहिले.

७ जानेवारी, मंगळवार.

काल सात घरे, आज नऊ. थंडी फार. बाहेर ९ अंश, घरांत १० ते १२. म्हणजे भिंती असून नसल्यासारख्याच.

इस्त्रीवाल्या मावशींचे घर क्रमांक १२. खोलीत एक टेबल, त्यावर विजेची इस्त्री आणि खाली लोकांच्या शर्टांचे गाठोडे. थर्मामीटर टांगू लागलो तर म्हणाल्या, “हे काय, माझ्या भिंतीला ताप आलाय?”

मी सांगितले की पाच मिनिटे लागतील.

“लग्नाच्या वयात लोकांच्या शेगड्या मोजत फिरतोस, तुझं कसं व्हायचं रे मोजणीमास्तर?” शेजारच्या दारातून दोन बायका हसल्या. आता गल्लीत सगळे मला मोजणीमास्तर म्हणतील.

सातवा रकाना आला. वीज कुठून येते? १ म्हणजे स्वतःचे मीटर. २ म्हणजे शेजाऱ्याकडून. ३ म्हणजे खांबावर आकडा टाकून. ४ म्हणजे वीजच नाही. मावशींनी शेजारच्या दाराकडे पाहिले.

“नाव लिहीत नाहीस ना?”

“नाही.”

“आईची शपथ?”

“आईची शपथ.”

“मग लिही तीन. तुला काय सांगायचं, तूच वायरमनचा भाऊ.”

याचा काय संबंध ते कळले नाही, पण खरे उत्तर मिळाले.

दुपारी एक अडचण आली. घरे एकासारखी एक, नावे लिहायची नाहीत, त्यामुळे १५ नंबरच्या घरात मी दोनदा शिरलो. तिथला माणूस अंगावर धावून आला. म्हणून एक युक्ती काढली. मोजून झालेल्या घराच्या चौकटीवर खडूने वर घराचा क्रमांक लिहायचा आणि त्याखाली सातव्या रकान्याचे उत्तर. तेच घर पुन्हा होत नाही ना, हे दोन अंक अर्जाशी जुळवले की लगेच कळते. कालची सात घरेही परत जाऊन लिहून आलो.

१० जानेवारी, शुक्रवार.

साहेब पाहणीला आले. बरोबर जाड जाकिटातला एक माणूस होता, तो काही बोलला नाही. साहेबांनी चौकटीवरचे अंक पाहिले आणि विचारले, “हे कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. मीच.”

“शाबास. याला म्हणतात डोकं.”

जाकिटवाल्याने खालच्या अंकाचा अर्थ विचारला. मी चारही अर्थ सांगितले. त्याने मान हलवली आणि गल्लीच्या टोकापर्यंत सावकाश चालत गेला, एकेक चौकट वाचत. माझे कोणतेही काम इतक्या लक्षपूर्वक कोणी वाचलेले नाही.

१२ जानेवारी, रविवार.

आज आपलेच घर, क्रमांक ३१. वहिनी स्टुलावर बसून कॉइलवर पाणी तापवत होत्या. थर्मामीटर टांगला. १३ अंश. पूर्ण गल्लीत सगळ्यात जास्त, हे लिहिताना बरे वाटले.

सातव्या रकान्याला दादाला विचारले. त्याने हातातली पक्कड खाली ठेवली आणि माझ्या कानाखाली दिली. वहिनींच्या हातातले भांडे सांडले.

“घरात राहतोस, कॉइलवरचं पाणी अंगावर घेतोस, आणि मला विचारतोस वीज कुठून येते?”

भिंतीवर मीटरची पेटी आहे. आतली चकती तीन वर्षांत फिरलेली मी पाहिलेली नाही. पण पेटी आहे. मी १ लिहिला. चौकटीवरही १. चौसष्ट अर्जांत हे एकच खोटे. कान अजून गरम आहे.

वहिनी नंतर म्हणाल्या, “मनावर घेऊ नका भावोजी. पहिल्या तारखेचा वसूल अजून आला नाही म्हणून ते चिडलेत.” दादा दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बऱ्याच घरी चहाला जातो, त्यातल्या कोणाकडे त्याचे पैसे अडकले असावेत.

१५ जानेवारी, बुधवार.

त्रेसष्ट घरांच्या चौकटी पूर्ण, एक राहिली. २३ नंबरला रंगारी राहतो. त्याचा अर्ज गेल्या बुधवारीच भरला (उत्तर ३), अंकही लिहिले होते. आज पाहतो तर दार आणि चौकट निळी झालेली. उरलेला रंग वाया का घालवा म्हणून त्याने सकाळी स्वतःच्या दाराला दिला.

खडू काढला तर ओरडला, “अरे अरे अरे! ओला आहे! मास्तर, माझ्या आयुष्यातलं पहिलं दार आहे जे मी स्वतःसाठी रंगवलं, त्याच्यावर लगेच बारशाचा नंबर नको. वाळू दे.”

“कधी वाळेल?”

“या थंडीत? सोमवारी ये.”

वहीत लिहून ठेवले: सोमवार, २०, घर २३, अंक पुन्हा लिहिणे.

१७ जानेवारी, शुक्रवार. दुपारचे चार.

आज अक्षर वाईट येईल.

सकाळी अकराला वीजतोडणीचे पथक आले. नऊ माणसे, दोन शिड्या, बाकीच्यांकडे दांडे. जाड जाकिटातला तो माणूस पुढे होता. म्हणजे तो वीज खात्याचा. मला ठाऊक नव्हते.

ते दार वाजवत नव्हते. चौकटीकडे बघत आणि आत जात, किंवा पुढे जात. १ असलेल्या घराला हात लावला नाही, २ आणि ४ लाही नाही.

९ नंबरमध्ये म्हातारे बाबा वायर धरून बसले. त्यांना वायरीसकट ओढत बाहेर आणले. गुडघ्यांचे कातडे गेले.

१२ नंबरमध्ये मावशी इस्त्री करत होत्या. वायर तुटली तशी त्यांनी त्या माणसाचा दंडच धरला. त्याने दुसऱ्या हाताने इस्त्री उचलली. ती गरम होती. ती मावशींच्या मनगटाला लागली. मुद्दाम की झटापटीत, हे मला दिसले नाही म्हणून लिहीत नाही. वास आला, तो मात्र लिहितो. नंतर इस्त्री भिंतीवर आपटून फुटली.

५२ नंबरमधल्या दोघा भावांनी शिडी पाडली. मग पाच जणांनी मिळून थोरल्याला मारले. मी बारा फटके मोजले, मग मध्ये माणसे आली. त्याचे दोन दात पडले. मी ते उचलून कागदाच्या पुडीत बांधले आणि त्याच्या बायकोला दिले. तिने पुडी माझ्या तोंडावर फेकली. घाबरलेली असणार.

दादा घरी नव्हता. वहिनींनी मला आत ओढून कडी लावली. आमच्या घरापाशी ते थांबलेसुद्धा नाहीत.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. माझ्या हिशेबाने ३ ची घरे चाळीस. त्यांनी तोडली एकोणचाळीस. रंगाऱ्याच्या छपरावरून वायर उघड लोंबत होती, तरी ते समोरून निघून गेले. माहिती त्यांच्याकडे पक्की होती, फक्त एका घराने चुकली.

१८ जानेवारी, शनिवार.

बाहेर ७ अंश. आत ८.

सकाळी नळावर सगळे जमले होते. एकोणचाळीस घरांत काल अंधार, कोळशाचा धूर, पोरांचे खोकले. एकाने विचारले, “त्यांना कळलं कसं? कोणाकडे आकडा आणि कोणाकडे नाही, एवढं बिनचूक?”

दुसरा म्हणाला, “आकडा असून सुटलं कोण, ते बघा.”

“रंगारी.”

मग कोणीतरी हळूच म्हणाले, “आणि वायरमन.”

सगळे आमच्या दाराकडे बघू लागले. बादली माझ्या हातात होती, ती मी खाली ठेवली. दादा दात घासत होता. त्याने चूळ भरली आणि मोठ्याने म्हणाला, “माझ्या भिंतीला पेटी आहे, डोळे फुटलेत का? पेटी बघून गेले ते. त्याच्या भिंतीला काय आहे? निळा रंग?”

कोणी हसले नाही. दादाने आकडा टाकायची लांब काठी उचलली आणि २३ कडे निघाला. बाकीचे त्याच्या मागे.

रंगारी चहा पीत होता. पेला हातात घेऊनच बाहेर आला. म्हणाला, “काय झालं?” पहिली काठी दादाची. पेला फुटला. रंगारी खाली बसला तशी बाकीच्यांनीही सुरुवात केली, लाथांनी, बादलीने, ५२ मधल्या धाकट्याने विटेने. रंगारी एवढेच म्हणत होता, “अहो पण मी काय केलं, ते तर सांगा.” त्याने उजवा हात डोक्यावर धरला होता. दादाची काठी त्या हातावर पडली. एकदा, दोनदा, पुन्हा. ओली फांदी मोडते तसा आवाज आला.

मी मोजत होतो. मला थांबता येत नाही. दादाच्या चौदा.

मी नळापाशीच उभा होतो. नंतर खिशात हात घातला तर खडूचे तीन तुकडे झाले होते. कधी आवळला ठाऊक नाही.

दादाला इतका राग का आला कळत नाही. रंगाऱ्याशी तो रोज पत्ते खेळतो.

२० जानेवारी, सोमवार.

वहीत लिहिलेले होते, म्हणून गेलो. घर २३, अंक पुन्हा लिहिणे.

रंग वाळला होता. खडू टेकवला आणि २ काढला. मग शेजारची चौकट पाहिली. २२, खाली ३. पलीकडे २४, खाली ३. मध्ये ही निळी, कोरी.

हात तिथेच राहिला.

किती वेळ उभा होतो ते मोजले नाही. आतून आवाज आला, “कोण? मोजणीमास्तर का?”

आत गेलो. सवयीने थर्मामीटर टांगला. ६ अंश. मारून झाल्यावर लोकांनी त्याचीही वायर कापली. रंगारी आडवा होता, हात फळीला बांधलेला, बोटे त्याच्या दारासारखी निळी. बायको कोपऱ्यात जुने ब्रश चुलीत घालत होती. एक ब्रश घातला की थोडी उष्णता, मग पुढचा.

तो म्हणाला, “मास्तर, तू शिकलेला आहेस. दोन दिवस विचार करतोय, डोकं चालत नाही. माझं घर त्यांनी का सोडलं? देवाशपथ, मी कोणाला बोललो नाही. मग का सोडलं? तूच सांग.”

मी म्हणालो, “पाच मिनिटे झाली,” आणि थर्मामीटर काढून निघून आलो.

२१ जानेवारी, मंगळवार.

साहेबांच्या कचेरीत गेलो. तिथे २२ अंश. हीटरसमोर त्यांचे मोजे वाळत होते.

विचारले, “आपली माहिती तुम्ही वीज खात्याला दिलीत?”

“नावं दिलेली नाहीत. आपल्या कागदावर नावंच नाहीत.”

“पण दारावर क्रमांक होते.”

“ते माझ्या कागदात आहे का? दारावर कोणी लिहायला सांगितलं होतं तुला?”

कोणी नाही. मीच.

ते मवाळ झाले. म्हणाले, मोजणीला पैसे कुठून तरी यावे लागतात. वीज खात्याने काही दिले, आणि त्यांनी फक्त पाहणीला एक माणूस पाठवला. मग म्हणाले, “एकसष्ट घरं ऊर्जागरीब निघाली. फार मोलाचं काम झालंय. मोजदाद नसती तर कोणाला कळलं असतं?” माझे ९६० मोजून टेबलावर ठेवले. मी उचलले नाहीत. दारापर्यंत गेल्यावर परत आलो, पैशांसाठी नव्हे, थर्मामीटर द्यायला. तो खिशात सापडेना. घरी आल्यावर आतल्या खिशात सापडला.

२२ जानेवारी, बुधवार.

ओल्या फडक्याने त्रेसष्ट चौकटी पुसल्या. २३ वरचा अर्धवट २ सुद्धा.

१२ नंबरपाशी मावशी दारात बसल्या होत्या, मनगटाला चिंधी. माझ्या फडक्याकडे पाहिले, मग आपल्या चौकटीकडे, मग माझ्याकडे. थट्टा केली नाही. उठून आत गेल्या आणि दार लावून घेतले. मी राहिलेला ३ पुसला.

२४ जानेवारी, शुक्रवार.

दादाला सांगितले. तो स्टुलावर बसून वायर सोलत होता. मी सगळे क्रमाने सांगितले, तारखांसकट.

तो म्हणाला, “झालं?”

“हो.”

“मला त्याच दिवशी कळलं. दारंच वाचत गेले म्हणून ५२ वाला सांगत होता. दारावर कोण लिहीत फिरतं, ते मला ठाऊक नाही का?”

“मग रंगाऱ्याला का मारलंस?”

त्याने वायर बाजूला ठेवली. “त्या दिवशी कोणीतरी मार खाणारच होतं. नळावर सगळे कोणाच्या दाराकडे बघत होते, ते पाहिलंस ना? आणखी दोन मिनिटं गेली असती तर कोणालातरी खडू आठवला असता.”

वहिनी भिंतीकडे तोंड करून भाजी चिरत होत्या. सुरी थांबली.

“आता गप्प बसायचं,” दादा म्हणाला. “मी एकेक वायर परत जोडून देतो, पैसे न घेता. महिनाभरात सगळे विसरतील.”

“रंगारी?”

“त्याचा डावा हात आहे.”

तेवढ्यावर तो उठून बाहेर गेला. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, रोज पहाटे उठून ते रंगाऱ्याच्या दारात कोळसा ठेवून येतात. त्याच्या बायकोला वाटतं दुसरंच कोणी ठेवतं.”

२६ जानेवारी, रविवार. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे.

आठ वाजता नळावर सगळे असतात. तेव्हा सांगणार आहे. काय सांगायचे ते रात्री लिहून काढले, दहा ओळी. शुद्धलेखन तपासले. थर्मामीटर घरी ठेवतो आहे. नको, खिशातच बरा.

३० जानेवारी, गुरुवार.

आज बसता येते आहे.

मी सातव्या ओळीपर्यंत वाचले. ‘रंगाऱ्याने काहीही केलेले नाही, त्याचे घर सुटले कारण माझे अंक रंगाखाली गेले होते’, इथपर्यंत. पहिली थप्पड मावशींची, डाव्या हाताने, कारण उजवा भाजलेला. ती सगळ्यात जास्त लागली. मग ५२ मधला धाकटा. मग कोण कोण ते दिसले नाही. पोटात लाथ बसल्यावर मी खाली पडलो. खिशात थर्मामीटर फुटल्याचे मात्र ऐकू आले. विटेचा कोपरा भुवईवर लागला. मी अकरापर्यंत मोजले, मग डोळ्यांत रक्त गेले.

तेवढ्यात दादा धावत आला. ओरडत होता, “सरका! सरका सगळे! माझा भाऊ आहे, याला मी मारणार!” आणि तो माझ्या अंगावरच पडला. दोन्ही गुडघे माझ्या दोन्ही बाजूंना, डोके माझ्या डोक्यावर, आणि मारू लागला. शिव्या तर अशा की मी कधी ऐकल्या नव्हत्या. त्याच्या तडाख्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता. लागले मात्र काहीच नाही, बरेचसे जमिनीवर पडत होते. खांबावर चढणाऱ्या माणसाच्या हाताला इतका कमी जोर, आणि नेम इतका वाईट, हे काही कळत नाही. लोक वरून मारतच होते. ते त्याच्या पाठीवर पडत होते.

ते थांबले तेव्हा तो कानाशी म्हणाला, “सातच ओळी? बाकीच्या कशाला लिहिल्यास, गाढवा.” मग त्याला उलटी झाली.

त्याच्या चार फासळ्या मोडल्या. माझ्या भुवईला सात टाके. डॉक्टरांनी दोघांना एकाच बाकावर बसवले होते. दादा हसायचा प्रयत्न करत होता आणि हसले की दुखत होते, म्हणून मला म्हणे, हसवू नकोस. मी काहीच बोललो नव्हतो.

रंगारी काल दारात आला, हात गळ्यात. आत आला नाही. दादाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. म्हणाला, “एवढंच होतं होय? रंग?” आणि गेला.

आज कोरा अर्ज घेतला. राहिलेले एक खोटे दुरुस्त करतो.

घर क्रमांक ३१. माणसे तीन.

खोलीतले तापमान : मोजता येत नाही, थर्मामीटर फुटला.

वीज कुठून : ३. तारीख २६ पासून ४. (आमचीही वायर लोकांनी कापली.)

महिन्याची मिळकत : २४००. पुढच्या महिन्याची सांगता येत नाही.

रॉकेल : २१०
कोळसा : १६०
मेणबत्त्या : ४०
एकूण : ४१०

दहावा भाग २४०. म्हणजे १७० जास्त. घर ऊर्जागरीब : होय.

रॉकेल आणि कोळशाचा अर्धा भाग रंगाऱ्याच्या दारात गेला आहे. तो आमच्या खर्चात धरायचा की त्यांच्या, याला रकाना नाही. आमच्याच धरला.

डॉक्टर, दोघांचे मिळून : ४७०. दिले. (वहिनींच्या बांगड्या.)

देणे :
रंगारी, सहा आठवडे काम नाही, दिवसाचे ६० प्रमाणे : २५२०
मावशी, इस्त्री : १८०
साहेब, थर्मामीटर : ९०
एकूण : २७९०

आज वहिनींबरोबर रंगाऱ्याकडे पाठवले : ४०. त्याच्या बायकोने घेतले. मोजले नाहीत.

बाकी : २७५०.